कॅज्युअल्टीत आकडीचा प्रौढ रुग्ण: पहिल्या तासात काय, किती आणि का

प्रश्न असा आहे: प्रौढ रुग्ण आकडी चालू असताना किंवा नुकतीच थांबल्यावर आपत्कालीन विभागात आला, तर आधी काय करायचं, कोणतं औषध किती द्यायचं, कोणत्या तपासण्या खरोखर लागतात आणि घरी कोणाला सोडता येतं?

औषधांच्या आधी वेळेचं बोलू. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटूनही हातपाय झडत असतील, किंवा दोन आकड्यांच्या मधे रुग्ण शुद्धीवर आलाच नसेल, तर ते स्टेटस एपिलेप्टिकस समजायचं. पूर्वी ही मर्यादा तीस मिनिटांची धरत. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने २०१५ साली दोन वेळा ठरवून दिल्या: सर्वांगाच्या आकडीत पाचव्या मिनिटाला उपचार सुरू झाले पाहिजेत आणि तिसाव्या मिनिटापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरायचा. रुग्ण स्ट्रेचरवर झटके देतच आत आला असेल, तर पुन्हा पाच मिनिटं मोजत उभं राहू नका. ती घर ते दार या अंतरातच संपलेली असतात.

घाई का, याचं कारण पेशींच्या पातळीवर आहे. लोराझेपाम, मिडाझोलाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपाइन गटातली औषधं मेंदूला शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरवर काम करतात. आकडी लांबत जाते तसे हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि मेंदूला उत्तेजित करणारे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. पाचव्या मिनिटाला जो डोस पुरतो तोच तिसाव्या मिनिटाला पुरत नाही. म्हणून पहिला डोस लवकर हवा, आणि पूर्ण हवा.

पहिली दोन मिनिटं

रुग्ण कुशीवर, सक्शनची नळी गालाच्या आतल्या बाजूने, मास्कने १० ते १५ लिटर ऑक्सिजन. दात आवळलेले असतील तर ते उघडायच्या भानगडीत पडू नका. चमचा, बोट, तोंडातला एअरवे (श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी) काहीही आत घालायचं नाही. कवटीच्या तळाला फ्रॅक्चरचा संशय नसेल तर नाकातून मऊ एअरवे सहज जातो. हातपाय दाबून धरणाऱ्यांना बाजूला करा. दाबल्याने आकडी थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो.

एकाने कॅन्युला (शिरेत बसवायची नळी), एकाने औषध भरायचं, आणि तिसऱ्याने त्याच क्षणी बोटातून शुगर. ही शुगर ‘नंतर बघू’मध्ये गेली की अर्धा तास आकडीची औषधं देऊन झाल्यावर कुणाला तरी ग्लुकोमीटर आठवतो. शुगर ७० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. दारूचं व्यसन किंवा कुपोषण असेल तर सोबत थायमिन १०० मिग्रॅ, पण थायमिन सापडेना म्हणून डेक्स्ट्रोज अडवायचं नाही. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांमुळे शुगर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरते. अशा रुग्णाला शुगर वर आल्यावर लगेच घरी पाठवणं म्हणजे रात्री त्याला परत बोलावणं.

पहिलं औषध: इथे सगळ्यात जास्त चुकतं

शीर मिळाली असेल तर लोराझेपाम ०.१ मिग्रॅ प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिग्रॅ. तेवढंच सलाइन मिसळून दोन मिनिटांत द्यायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर हाच डोस आणखी एकदा. लोराझेपाम नसेल तर डायझेपाम ०.१५ ते ०.२ मिग्रॅ प्रति किलो, एका वेळी जास्तीत जास्त १० मिग्रॅ, तेही एकदा पुन्हा देता येतं.

शीर मिळत नसेल तर ती शोधण्यात वेळ घालवू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत मिडाझोलाम १० मिग्रॅ (वजन ४० किलोपेक्षा जास्त असेल तर), एकच डोस. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅम्पार्ट चाचणीत रुग्णवाहिकेतच दिलेलं स्नायूतलं मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामपेक्षा कमी पडलं नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुसरं औषध न देता आकडी थांबलेल्यांचं प्रमाण मिडाझोलाम गटात ७३ टक्के, लोराझेपाम गटात ६३ टक्के होतं. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हेच त्यामागचं मुख्य कारण. डायझेपाम मात्र स्नायूत देऊ नका, तिथून ते बेभरवशाचं शोषलं जातं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मिडाझोलाम एका मिलीत १ मिग्रॅ आणि एका मिलीत ५ मिग्रॅ अशा दोन ताकदींत येतं. १० मिग्रॅ म्हणजे जोरकस द्रावणाचे २ मिली, सौम्य द्रावणाचे १० मिली. दहा मिली एका मांडीत कोणी टोचत नाही, त्यामुळे सौम्य व्हायल हातात आली की ‘सध्या दोन मिली देऊ’ होतं, आणि रुग्णाला मिळतात २ मिग्रॅ. क्रॅश कार्टमध्ये आकडीसाठी ५ मिग्रॅ प्रति मिलीच ठेवा आणि खोक्यावर ठळक लेबल लावा.

कमी डोस देण्यामागे भीती असते ती श्वास बंद पडण्याची. भीती खोटी नाही, पण हिशोब उलटा आहे. श्वास बंद पडण्याचा धोका न थांबलेल्या आकडीत जास्त असतो. बॅग-मास्क उशाशी, सक्शन चालू, मॉनिटर लावलेला आणि डोस पूर्ण. थोडं-थोडं देत गेलं, १ मिग्रॅ, मग आणखी १, मग वाट पाहणं, तर तासाभरात पूर्ण डोस जातोही, पण तोवर रिसेप्टर आत गेलेले असतात.

दुसरी पायरी

बेन्झोडायझेपाइनचा पूर्ण डोस देऊनही आकडी चालू असेल तर पुढचं औषध दहाव्या मिनिटाच्या आसपास सुरू झालं पाहिजे. त्याची तयारी पहिलं औषध जातानाच करायची. तीन पर्याय आहेत: लेव्हेटिरासिटाम ६० मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ४५०० मिग्रॅ, व्हॅल्प्रोएट ४० मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ३००० मिग्रॅ, फॉसफेनिटॉइन (शरीरात गेल्यावर त्याचं फेनिटॉइन होतं) २० मिग्रॅ फेनिटॉइन-समतुल्य प्रति किलो, जास्तीत जास्त १५०० मिग्रॅ. २०१९ च्या एसेट चाचणीत तिन्ही सारखीच ठरली, प्रत्येकाने जेमतेम निम्म्या रुग्णांत काम केलं. म्हणजे कोणतं औषध श्रेष्ठ यावर पलंगापाशी वाद घालण्यात अर्थ नाही. रुग्णाला कोणतं चालणार नाही, एवढं बघा आणि हाताशी असलेलं द्या.

गरोदरपण, यकृताचा आजार, मायटोकॉन्ड्रियाचा आजार यांत व्हॅल्प्रोएट नको. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू असलेल्या रुग्णात व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने कोसळते, तिथेही दुसरं काही शोधा. हृदयात ब्लॉक, कमी बीपी किंवा ट्रायसायक्लिक (नैराश्यावरच्या) गोळ्यांची विषबाधा असेल तर फेनिटॉइन नको. लेव्हेटिरासिटामला असे अडथळे सर्वांत कमी, म्हणून घाईत बहुतेकांचा हात तिकडेच जातो. मूत्रपिंड कमजोर असेल तरी पहिला डोस पूर्ण द्यायचा, नंतरचे डोस कमी करायचे. ६० किलोच्या रुग्णाला ३६०० मिग्रॅ लागतं, म्हणजे ५०० मिग्रॅच्या सात व्हायल आणि वर थोडं. १०० मिली सलाइनमध्ये घालून १० ते १५ मिनिटांत. ‘एक ग्राम लेव्हेटिरासिटाम’ हा जो सर्रास दिला जाणारा डोस आहे, तो स्टेटसमध्ये फार तोकडा.

फेनिटॉइनच उपलब्ध असेल तर त्याची रीत नीट पाळावी लागते. ६० किलोला २० मिग्रॅ प्रति किलोने १२०० मिग्रॅ. १०० मिग्रॅच्या २ मिली ॲम्प्यूल असतील तर बारा, म्हणजे २४ मिली औषध. ते २५० मिली साध्या सलाइनमध्येच घालायचं. डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की स्फटिक बनून खाली बसतं. बाटली उजेडात धरली तर पांढरी कणी दिसते. वेग मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा जास्त नाही, म्हाताऱ्या किंवा हृदयरोगी माणसाला त्याच्या निम्मा. म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटं तर जाणारच, आणि तेवढा वेळ ईसीजी मॉनिटर व दर काही मिनिटांनी बीपी. बीपी पडलं किंवा नाडी मंदावली तर थेंब थांबवा, सावरल्यावर कमी वेगाने पुन्हा. शीर मोठी घ्या, हाताच्या पंज्यावरची नको: औषध बाहेर झिरपलं तर पंजा सुजून जांभळा पडतो, क्वचित कातडी जाते. फॉसफेनिटॉइन मिनिटाला १५० मिग्रॅने देता येतं आणि शिरेला सौम्य आहे, पण मॉनिटर त्यालाही लागतोच.

औषध लागू पडत नसेल तर कारणाकडे बघा

काही आकड्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, कारण मूळ दुसरीकडे असतं. ही यादी डोळ्यांपुढे असली पाहिजे.

बाळंतपण: विसाव्या आठवड्यानंतर ते प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत कोणत्याही स्त्रीला आकडी आली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एक्लम्प्सिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीशी जोडलेली आकडी). औषध मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ सालच्या मोठ्या चाचणीत ते डायझेपाम आणि फेनिटॉइन दोन्हींपेक्षा सरस ठरलं. ५० टक्क्यांच्या २ मिली ॲम्प्यूलमध्ये १ ग्राम असतं. चार ॲम्प्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाइन घालून २० मिली करा आणि ५ ते १५ मिनिटांत शिरेतून द्या. इन्फ्युजन पंप नसेल तर दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्राम. पुन्हा आकडी आली तर आणखी २ ग्राम शिरेतून. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, लघवी तासाला ३० मिली होते का, हे तपासायचं. रिफ्लेक्स गेला तर औषध थांबवा. श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश. बाळंतिणीच्या आकडीत डोकं खूप दुखत असेल, बीपी नॉर्मल असेल किंवा एक बाजू कमजोर असेल, तर मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली आहे का ते व्हेनोग्राफीने (त्या शिरांच्या स्कॅनने) बघा.

सोडियम: १२० च्या खाली असताना आकडी आली तर ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिली दहा मिनिटांत, गरज पडल्यास एकूण तीन वेळा. ४ ते ६ एककांनी सोडियम वर आलं की आकडी बहुधा थांबते. तिथेच थांबायचं. चोवीस तासांत ८ पेक्षा जास्त वाढवलं तर, विशेषतः कुपोषित, दारू पिणारा किंवा पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णात, मेंदूच्या पॉन्समधल्या आवरणाची हानी होते, आणि ती दिसते काही दिवसांनी, रुग्ण ‘बरा’ झाल्यावर.

विषबाधा: क्षयाच्या आयसोनियाझिड गोळ्या जास्त खाल्ल्या असतील तर पायरिडॉक्सिन, जितके ग्राम गोळी तितके ग्राम, आकडा माहीत नसेल तर ५ ग्राम. वॉर्डातल्या नेहमीच्या साठ्यात एवढं नसतं, फार्मसीला आधीच कळवा. ट्रायसायक्लिक गोळ्यांत ईसीजीवर क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद झाला असेल तर सोडियम बायकार्बोनेट १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो. कीटकनाशकाचा वास, बारीक बाहुल्या, लाळ आणि घाम असेल तर ॲट्रोपिन आणि बेन्झोडायझेपाइन एकदमच. ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) आणि मूत्रपिंड निकामी असताना दिलेलं सेफेपाइम (अँटिबायोटिक), या दोघांचा विचार सहसा शेवटी होतो.

दारू सोडल्यावरची आकडी साधारण ६ ते ४८ तासांत येते. तिच्यावर बेन्झोडायझेपाइनच, फेनिटॉइनचा काही उपयोग नाही. आणि दारू पिणारा माणूस डोक्यावर पडलेलाही असतो, हे विसरू नका.

तरीही थांबत नसेल

दोन औषधं पूर्ण डोसात देऊनही आकडी चालू आहे म्हणजे ती आता रिफ्रॅक्टरी, औषधांना न जुमानणारी. तिसरं-चौथं औषध जोडत बसण्यापेक्षा इंट्युबेशन करून (श्वासनलिकेत नळी घालून) बेशुद्धीची औषधं सुरू करा: मिडाझोलाम ०.२ मिग्रॅ प्रति किलो बोलस (एकदम दिलेला डोस) आणि पुढे इन्फ्युजन, किंवा प्रोपोफोल १ ते २ मिग्रॅ प्रति किलो आणि पुढे इन्फ्युजन. बीपी पडेल हे गृहीत धरून बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन जोडून ठेवा. केटामिन १ ते २ मिग्रॅ प्रति किलो बीपी सांभाळतं आणि एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणून लांबलेल्या आकडीत ते शास्त्राला धरून आहे.

इंट्युबेशनच्या वेळी एक सापळा असतो. रोक्युरोनियम (स्नायू लुळे करणारं औषध) दिल्यावर हातपाय शांत होतात आणि सगळ्यांना हायसं वाटतं. स्नायू लुळे पडलेत, मेंदू तसाच पेटलेला असू शकतो. त्याच कामाचं सक्सिनिलकोलिन लवकर उतरतं, पण लांबलेल्या आकडीत पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं. दोन्हींपैकी काहीही दिलं तरी ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) लागेपर्यंत आकडी चालूच आहे असं धरून झोपेचं औषध चढतं ठेवा.

झटके थांबले, पण आकडी थांबली का?

आकडीनंतर रुग्ण अर्ध्या-एक तासात हळूहळू शुद्धीवर येत जातो. वीस-तीस मिनिटांत काहीच सुधारणा नाही, डोळे एका बाजूला वळलेले, पापणी किंवा ओठाचा कोपरा बारीक थरथरतोय, अंगठा लयीत हलतोय, तर हे हातपाय न हलवणारं स्टेटस असू शकतं. ‘औषधाची झोप आहे’ म्हणून सोडून देऊ नका, ईईजी मागा. एक बाजू कमजोर असेल तर टॉडचा लकवा असेल, तो एक-दोन दिवसांत जातो. पण स्ट्रोकनेही आकडी येते, तेव्हा टॉड म्हणण्याआधी मेंदूचा आणि त्याच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झालेला हवा.

मुळात ती आकडी होती का, हा प्रश्न प्रत्यक्षदर्शीला विचारा, आणि मोबाइलवर कुणी चित्रण केलं आहे का तेही. चक्कर येऊन पडलेला माणूस पांढरा पडतो, पाच-दहा सेकंद हातपाय झटकतो आणि मिनिटभरात नीट बोलू लागतो. आकडीत माणूस निळा पडतो, घोरल्यासारखा श्वास घेतो, जिभेच्या कडेला चावा असतो आणि बराच वेळ गोंधळलेला राहतो. कपड्यांत लघवी होणं दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरवू नका. म्हणून प्रत्येकाचा ईसीजी: लांबलेला क्यूटी किंवा ब्रुगाडाचा नमुना (हृदयाची लय बिघडवणारे दोष) ‘अपस्माराच्या’ गोळ्यांखाली वर्षानुवर्षं दडून राहू शकतो. डोळे घट्ट मिटलेले, उघडू गेल्यास विरोध, डोकं दोन्ही बाजूंना हलवणं, झटके कमी-जास्त होत दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि ऑक्सिजन पूर्ण नॉर्मल, हे मानसिक कारणाच्या झटक्यांकडे बोट दाखवतं. असा रुग्ण सोंग करत नसतो. त्याला चिमटे काढून तपासणं थांबवा. आणि खऱ्या आकड्याही त्याच रुग्णाला असू शकतात.

शुद्धीवर आल्यावर खांदे हलवून बघा. हात पोटाशी चिकटलेला आणि बाहेर वळत नसेल तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असतो. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो जवळजवळ नॉर्मल दिसतो, म्हणून काखेतून किंवा वाय पद्धतीचा एक्स-रे सांगा. पाठ दुखत असेल तर मणका दबलाय का पाहा.

तपासण्या आणि पुढचा निर्णय

पहिल्यांदाच आकडी आलेल्याला शुगर, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि बाळंतपणाच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला गर्भधारणा चाचणी. आकडीनंतर लॅक्टेट (स्नायूंतून येणारं आम्ल) चढतं आणि रक्ताचा पीएच फार खाली दिसतो. बायकार्बोनेट देऊ नका, तासा-दीड तासात तो स्वतः वर येतो. येत नसेल तर आकडी चालू आहे किंवा कारण वेगळं आहे. सीटी पहिल्या आकडीत, आणि जुन्या अपस्माराच्या रुग्णातही डोक्याला मार, नवी कमजोरी, ताप, रक्त पातळ करणारी औषधं, एचआयव्ही, कर्करोग किंवा नेहमीपेक्षा वेगळी आकडी असेल तर. ताप आणि गोंधळलेपणा असेल तर सीटी व कंबरेतून पाणी काढणं होईपर्यंत थांबू नका. सेफट्रायाक्सोन २ ग्राम, व्हॅन्कोमायसिन, डेक्सामेथासोन १० मिग्रॅ आणि असायक्लोव्हिर १० मिग्रॅ प्रति किलो सुरू करा. थोडा ताप आकडीमुळेही येतो, पण ते निदान सगळं तपासून झाल्यावर करायचं.

जुन्या रुग्णात पहिला प्रश्न चुकलेल्या गोळ्यांचा. ‘गोळ्या चालू आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही: शेवटची कधी घेतली, कंपनी बदलली का, रात्री जागरण झालं का, नवीन अँटिबायोटिक सुरू झालं का, हे विचारा. चुकलेलं औषध तिथेच द्या आणि कार्डावर तोच डोस पुन्हा स्पष्ट लिहा.

पहिली, विनाकारण आलेली आकडी. रुग्ण पूर्ण भानावर. सीटी, ईसीजी आणि रक्त नॉर्मल. घरी सोबत माणूस: त्याला घरी सोडता येतं आणि कायमची गोळी त्याच रात्री सुरू करायलाच हवी असं नाही. पहिल्या दोन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के असते. लगेच गोळी सुरू केली तर या दोन वर्षांत ती कमी होते, पण दूरच्या भविष्यात फारसा फरक पडत नाही. मेंदूत जुना स्ट्रोक, गाठ किंवा व्रण असेल तर मात्र सुरू केलेली बरी. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टशी बोलून घ्या. ईईजी आणि एमआरआय बाहेरून होतील, तारीख मात्र लिहून द्या.

डिस्चार्ज कार्डावर न्यूरॉलॉजिस्टची परवानगी आणि तुमच्याकडचा कायदा सांगेल तोवर गाडी चालवू नये, उंचीवर किंवा उघड्या यंत्रापाशी काम नको, एकट्याने पोहणं नको, बाथरूमची कडी आतून लावू नये, हे शब्दशः लिहा. सोबत आलेल्याला दाखवा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, मोबाइलवर वेळ लावायची, आणि पाच मिनिटं झाली किंवा दुसरी आकडी आली की परत आणायचं.